नऊ हजार चारशे बारा: मामींच्या फोनमधले फोटो लॅपटॉपवर आणताना

मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, आणि मामींचा फोन आला. "अरे, एक फोटो काढायचा तर दोन डिलीट करा म्हणते हा मोबाईल. काय डिलीट करू? नातवाचे, का आईचे?"

मामी निवृत्त शिक्षिका, राहायला नागपूरच्या कॉर्पोरेशन कॉलनीत. फोन अँड्रॉइड, १२८ जीबीचा, सहा वर्षं वापरलेला. काम साधं दिसत होतं: केबल लावायची, फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, फोन मोकळा करायचा. दीड तास लागेल असं मी सांगितलं. लागले दोन दिवस. त्यात केबलचा दोष थोडा आणि माझा जास्त.

आधी मागची गोष्ट सांगतो, कारण ती त्या घरात भिंतीवरच्या खुणेसारखी आहे. २०२३ चा तान्हा पोळा १५ सप्टेंबरला होता. नातवाने पहिल्यांदाच लाकडी बैल सजवून गल्लीत फिरवला. मामींनी बासष्ट फोटो काढले. त्याच संध्याकाळी मामांनी ते घरच्या कॉम्प्युटरवर घेतले. कॉपी नाही, कट. "मोबाईलात जागा होईल म्हणून," हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. आठ दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, रात्रभराच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागातली तळमजल्याची घरं पाण्यात होती. मामांचा सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होता. पुष्कळ घरांत असतो तसाच.

पाणी ओसरल्यावर त्यांनी तो उन्हात वाळवला आणि चौथ्या दिवशी बटण दाबलं. भिजलेल्या हार्ड डिस्कला हे कधीच करायचं नसतं. ओल आत राहिली असेल तर वीज मिळताच बोर्ड जातो, आणि चिखलाचे कण आतल्या तबकडीवर घासले तर डेटा परत मिळण्याची आशाही संपते. पुढे एका दुकानात डेटा काढायचा खर्च विचारला, आकडा ऐकला आणि मामा डिस्क पिशवीत घालून परत घेऊन आले. ती अजून माळ्यावर आहे.

त्या बासष्टपैकी चौदा फोटो आज आहेत, कारण मामींनी ते त्याच दिवशी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते. मूळ फोटो तीन-चार एमबीचे. ग्रुपवरून परत मिळालेले दीडशे-दोनशे केबीचे. बैलाच्या झुलीवरचे आरसे त्यात पांढरे ठिपके झाले आहेत.

त्यामुळे केबल लावायच्या आधीच मामींची अट ठरलेली होती. "तू कट करायचं नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत करायचं."

केबल आणि पोर्ट

ड्रॉवरमधून तीन केबली निघाल्या. पहिली लावली, फोन चार्ज होऊ लागला, लॅपटॉप गप्प. टुणकन आवाजही नाही. ती ट्रिमरसोबत आलेली होती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा टाकतच नाहीत. बाहेरून बघून हे कळत नाही, केबल तीच, पिन तीच. त्यामुळे फोन चार्ज होतोय पण कॉम्प्युटरवर दिसत नाही असं झालं की सेटिंगांमध्ये डोकं घालण्याआधी केबल बदलून बघावी.

दुसरी केबल फोनबरोबर आलेली. आवाज झाला, फोनचं नाव दिसलं, उघडलं तर आत काहीच नाही. हे मात्र फोनचं वागणं आहे, बिघाड नाही. अँड्रॉइड ६ पासून फोन केबल लावल्यावर आपोआप फक्त चार्जिंगवर जातो, म्हणजे कोणाच्याही कॉम्प्युटरला चार्जिंगसाठी लावला तरी आपला डेटा उघडा पडत नाही. स्क्रीनचं कुलूप उघडायचं, वरून पडदा खाली ओढायचा, यूएसबीच्या सूचनेवर टिचकी मारायची आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. मामी वहीत लिहून घेत होत्या. शिक्षिकेची वही, लाल शाईने समास आखलेला.

कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘कॅमेरा’मध्ये. हे नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळापासून, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून चालत आलंय. सगळं निवडलं, ओढून लॅपटॉपवर टाकलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. तिसऱ्या मिनिटाला थांबली. ‘डिव्हाइस प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप. पुन्हा लावलं, आठव्या मिनिटाला तेच. तिसऱ्यांदा लक्षात आलं की कूलरची झुळूक आली की केबल हलते आणि फोन सुटतो.

फोन बंद केला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि चार्जिंगच्या भोकात लाकडी टूथपिक हलकेच फिरवली. बाहेर आला राखाडी रंगाचा, दाबून दाबून नमद्यासारखा झालेला कापसाचा चपटा तुकडा. सहा वर्षांची पर्सची धूळ. मामा म्हणाले, "हे तर माझ्या बंडीच्या खिशातून निघते तसंच आहे की." तो काढल्यावर पिन ‘टक्’ करून पूर्ण आत बसली. त्याआधी ती जेमतेम एक मिलिमीटर बाहेर राहत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं केबलच सैल आहे. हे करताना सुई किंवा पिन वापरू नये, आत संपर्काच्या बारीक पट्ट्या असतात, त्या वाकल्या की चार्जिंगही जातं.

फोन हा पेनड्राइव्ह नाही

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर चिडतात. नऊ हजार फाइलींचं फोल्डर उघडलं की वरची पट्टी पाच-पाच मिनिटं सरकत राहते आणि फोटो एकेक करून उगवतात. पेनड्राइव्ह असता तर क्षणात यादी आली असती.

जुने अँड्रॉइड फोन खरंच पेनड्राइव्हसारखे दिसायचे, त्यांना ‘ई’, ‘एफ’ असं अक्षर मिळायचं. पण तेव्हा स्टोरेज पूर्णपणे कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं आणि जोडलेलं असेपर्यंत फोनला स्वतःची मेमरी वापरता यायची नाही. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडने ‘एमटीपी’ ही पद्धत घेतली. यात कॉम्प्युटर फोनच्या मेमरीला हात लावत नाही. तो फोनला विचारतो, "तुझ्याकडे काय आहे?" आणि फोन एकेक वस्तूचं नाव सांगतो. रेशनच्या दुकानात गोदामात शिरता येत नाही, काउंटरवर मागावं लागतं, तसं. एका वेळी एकच काम होतं, आणि अर्ध्यात संबंध तुटला तर दोन्ही बाजूंना नेमकं किती झालं हे माहीत नसतं.

याचाच एक परिणाम लोकांना ठाऊक नसतो. या मार्गाने फोनमधून डिलीट किंवा कट केलेला फोटो विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही. गेला तो गेला. विंडोजच्या फोटो अॅपमध्ये इंपोर्ट करतानाही ‘इंपोर्ट झाल्यावर मूळ काढून टाका’ असा एक चौकोन असतो. तो रिकामाच ठेवावा.

वेगाचंही असंच. टाइप-सी पिन दिसली की लोकांना वाटतं झपाट्याने होईल. मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये पिन नवी, आत यूएसबी २ च. कागदावर तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात आम्हाला पंचविसाच्या आसपास मिळाला, छोट्या फाइलींना त्याहून कमी. शिवाय उकाडा. फोन एकीकडे चार्ज होतोय, दुसरीकडे मेमरी वाचतोय, खोलीत छत्तीस डिग्री. थोड्या वेळाने तो तापलाय म्हणून चार्जिंग थांबवल्याची सूचना आली. कव्हर काढून तो स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला आणि लॅपटॉप त्याच्याजवळ नेला. पुढचं सगळं काम पोळ्यांच्या परातीशेजारी झालं.

मग मी पद्धत बदलली. फोटोंची नावं तारखेनेच सुरू होत होती, म्हणून नावाप्रमाणे लावून घेतले आणि एकेक वर्ष निवडून त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकलं. स्क्रीन बंद होऊ नये म्हणून झोपेची वेळ वाढवून दिली. लहान घास घेतला की तुटलं तरी कुठे तुटलं ते कळतं. दोनेक तासांत सगळं लॅपटॉपवर आलं.

पाच जीबी कुठे गेले?

मामींनी फोनच्या फाइल अॅपमध्ये फोल्डरचा तपशील काढून वहीत लिहून ठेवला होता: ९,४१२ फाइली, ७६.६ जीबी. लॅपटॉपवर सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या. ९,४१२ फाइली, ७१.३ जीबी.

"म्हणजे पाच जीबी राहिले ना?"

नाही राहिले. त्यांचा फोन एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरत होता, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या वर धरतं. शेर आणि किलोसारखं आहे हे, धान्य तेवढंच, माप वेगळं. ७६.६ ला १.०७४ ने भागलं की ७१.३ येतात. मामींनी भागाकार स्वतः केला, कागदावर, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. आकडे जुळले. मी म्हटलं, झालं. मामी म्हणाल्या, "आता फोनमधून काढू?"

इथे मी हो म्हणणार होतो. थांबलो ते शहाणपणामुळे नाही, दुसरी हार्ड डिस्क मुलगी वर्ध्याहून संध्याकाळी आणणार होती म्हणून. मामींचा हट्ट होता की प्रत दोन ठिकाणी असल्याशिवाय काही पुसायचं नाही.

डिस्क आली. माझी सवय अशी की लॅपटॉपवरचं फोल्डर उचलायचं आणि डिस्कवर टाकायचं, दहा मिनिटांचं काम. पण लॅपटॉपवर त्यांच्या मुलीचं काम चालू होतं, म्हणून माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला डिस्क आणि फोन दोन्ही लावले आणि फोनमधून थेट डिस्कवर पुन्हा घेतलं. वर्षावर्षाने, तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीची तुलना केली. फाइली ९,४१२ आणि ९,४१२. प्रॉपर्टीजमध्ये जीबीच्या पुढे कंसात अख्खे बाइट लिहिलेले असतात, ते कोणी वाचत नाही. मी वाचले. जुळले नाहीत. लॅपटॉपवरच्या प्रतीत सव्वादोन एमबीच्या आसपास कमी.

नऊ हजारांत ती फाइल डोळ्यांनी शोधणं म्हणजे वेळ वाया. दोन्ही प्रती आता साध्या डिस्कवर होत्या, त्यामुळे विंडोजमधलं ‘रोबोकॉपी’ हे फाइली कॉपी करणारं साधन चालवता आलं. थेट फोनवर ते चालत नाही, कारण फोनला ड्राइव्हचं अक्षरच नसतं. रोबोकॉपीला ‘फक्त यादी दे, कॉपी करू नको’ असं सांगितलं की ते वेगळ्या आकाराच्या फाइली दाखवतं. एकच नाव आलं, ३ सप्टेंबर २०२४ चं. उघडलं. तान्हा पोळा, पुढच्या वर्षीचा. वर नातवाचा चेहरा, डोक्यावर कागदी टोपी, बैलाची शिंगं, आणि मध्यापासून खाली एकसारखा राखाडी पट्टा. बैलाचे पाय आणि चाकं त्या राखाडीत गेलेली.

अर्धवट आलेली जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, अशीच दिसते. फोटो वरून खाली ओळी-ओळीने साठवलेला असतो, जेवढा डेटा आला तेवढा रंग, पुढे राखाडी. फोल्डरमधल्या छोट्या चित्रात ते लक्षातही येत नाही.

घडलं काय, ते मला लगेच कळलं. पहिल्या दिवशी कूलरच्या झुळकेने फोन सुटला तेव्हा ही फाइल अर्धी आली होती. नंतर वर्षावार कॉपी सुरू केली तेव्हा आधी आलेल्या फाइली न काढता मी त्यांचंच २०२४ चं फोल्डर केलं. विंडोजने विचारलं, ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू की सोडू?’ मी वेळ वाचवायला ‘सोड’ दाबलं. म्हणून संख्या तंतोतंत जुळली. मी संख्येवर विश्वास ठेवला आणि तिनेच मला फसवलं. कॉपी तुटल्यावर तुटलेलं फोल्डर आधी पूर्ण काढून टाकायचं आणि मग नव्याने सुरू करायचं, किंवा निदान ‘बदल’ निवडायचं. हे मला माहीत होतं. घाईत केलं नाही.

आणि दुसरी प्रत जर मी सवयीप्रमाणे लॅपटॉपवरून केली असती, तर तो राखाडी पट्टा दोन्हीकडे सारखाच गेला असता. बाइटही जुळले असते. फोन पुसल्यावर तो फोटो कुठेच अख्खा राहिला नसता. दुसरी प्रत पहिलीवरून घ्यायची नाही, मूळ फोनवरूनच पुन्हा घ्यायची, हे मी या प्रकरणात शिकलो. तेही मुलीला लॅपटॉप हवा होता म्हणून.

मामा शेजारी चहा घेत होते. राखाडी फोटो पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हा मोबाईलात अजून आहे ना?" होता. पुन्हा घेतला. मग दोन्हीकडचे बाइट जुळले.

तारखा, व्हॉट्सअॅप आणि एक आयफोन

कॉपी झाल्यावर विंडोजने काही फोटोंना त्या दिवसाची तारीख लावली आणि मामी घाबरल्या. ‘डेट मॉडिफाइड’ ही फाइलची तारीख, ‘डेट टेकन’ ही कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली. रकाना बदलून ‘डेट टेकन’ लावला की सगळं जागेवर येतं. व्हॉट्सअॅपच्या फोटोंना मात्र हे लागू नाही, कारण पाठवताना पोटातली तारीख गळते. तिथे फाइलच्या नावातले आकडे हाच आधार, आणि तीही फोटो आल्याची तारीख, काढल्याची नाही.

व्हॉट्सअॅपचं फोल्डरही लोकांना सापडत नाही. अँड्रॉइड ११ च्या सुमारापासून ते ‘अँड्रॉइड’, ‘मीडिया’ अशा दोन-तीन पायऱ्या खाली गेलं. मामींच्या फोनमध्ये तिथे १९ जीबी होते. बहुतेक ‘सुप्रभात’. गुलाब, गणपती, चहाचा कप. ते वर्गवार लावत बसायचं मी साफ नाकारलं. सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि त्यातले २०२३ च्या तान्ह्या पोळ्याचे ते चौदा वेगळे काढले.

संध्याकाळी सून म्हणाली, भाऊजी, माझाही करून द्या. तिचा आयफोन. विंडोजवर कॉपी करताना मध्येच ‘जोडलेलं उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाचा निरोप येत होता. आयफोन २०१७ पासून फोटो ‘हेइक’ नावाच्या आटोपशीर स्वरूपात ठेवतो आणि कॉम्प्युटरकडे देताना वाटेत त्यांची जेपीजी बनवतो. त्या रूपांतरात कॉपी अडखळते. फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ असं आहे, तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ केलं आणि अडखळणं थांबलं. मग ते फोटो विंडोजवर उघडायला एक छोटी जोड टाकावी लागते, ती टाकली. दहा मिनिटांचं काम.

मामांना शाळेच्या निरोप समारंभाचा मामींचा व्हिडिओ मित्राला द्यायचा होता. पेनड्राइव्हमध्ये २० जीबी रिकामे आणि तरी ‘फाइल फार मोठी आहे’. पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा होता आणि त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, जागा कितीही असो. आतलं सामान काढून तो ‘एक्सफॅट’ने फॉरमॅट केला, गेला व्हिडिओ.

पुसणं

शेवटी पुसायचं. मामींच्या फोनमध्ये गुगल फोटोजचा बॅकअप चालू होता, पण २०२१ च्या जूनपासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली आणि १५ जीबीत मेल, फोटो, सगळं बसवावं लागतं. त्यांची जागा कधीच भरलेली, म्हणून बॅकअप अर्ध्यात अडकलेला. अशा वेळी गुगल फोटोज अॅपमधून फोटो डिलीट केला तर फोनमधला आणि गुगलवरचा, दोन्ही जातात. म्हणून त्या अॅपला हातच लावला नाही. फोनच्या फाइल अॅपमधून जुनी चार वर्षं काढली, अलीकडची दोन ठेवली. जागा लगेच वाढली नाही, कारण काढलेल्या फाइली अॅपच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात. ती मी मुद्दाम रिकामी केली नाही. महिनाभर दोन्ही प्रती अधूनमधून उघडून बघा, मग पेटी आपोआप रिकामी होईल असं सांगितलं. तोवर जागा करायला ‘सुप्रभात’चे १९ जीबी पुरले.

लॅपटॉप आता मधल्या खोलीत कपाटाच्या वरच्या खणात असतो. डिस्क वर्ध्याला मुलीकडे गेली, दिवाळीत आणि पोळ्याला तिने आणायची असं ठरलंय. त्यावर मामींनी डॉक्टर चिकटवतात तशी पांढरी पट्टी लावून तारीख आणि ‘९,४१२’ लिहिलंय. २०२३ च्या फोल्डरात तान्ह्या पोळ्याचं वेगळं फोल्डर आहे, आत चौदा फोटो. त्याचं नाव मामांनी टाइप केलं, मराठीत, एकेक अक्षर शोधत: ‘उरलेले’.